दयाळ अजून गात नाही

दयाळ हिवाळ्यात गात नाही. तो कुठे जात नाही, इथेच असतो. कुंपणावर बसतो, शेपटी ताठ उभारतो, जमिनीवर उतरून किडे टिपतो आणि कोणी फार जवळ आले तर घशातून खरखरीत आवाज काढून नाराजी नोंदवतो. गाणे मात्र थंडी ओसरल्यावर सुरू होते. दिवस लांबू लागला की त्याच्या रक्तात काही द्रव्ये वाढतात आणि ती पुरेशी वाढली की तो विजेच्या खांबाच्या टोकावर जाऊन शीळ घालू लागतो. यात आनंदाचा किंवा ऋतूच्या स्वागताचा काही भाग नाही. आपली हद्द सांगणे आणि मादीला बोलावणे, एवढी दोनच कामे त्या शिळेने होतात.

हे मी बायकोला लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात समजावून सांगितले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पाखरू बरंच स्पष्ट बोलतं म्हणायचं. काही माणसांना तेवढंही जमत नाही."

आमच्या घरामागे एक अरुंद अंगण आहे. अंगणाच्या टोकाला विजेचा खांब आणि भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. खांबावर दरवर्षी एक दयाळ येतो. तो तोच की दुसरा हे सांगता येणार नाही, कारण आम्ही कधी त्याच्या पायात कडे घातले नाही. बायको मात्र त्याला 'आपला' म्हणते. त्याच्यावरून आमच्या घरात एक रीत पडली होती. वर्षातली पहिली शीळ ज्याला ऐकू येईल त्याने दुसऱ्याला उठवायचे, आणि उठलेल्याने चहा करायचा. चहा दरवर्षी मीच केला. ती पहाटे माझ्या खांद्याला बोट टोचत म्हणायची, "उठा, लागला गायला."

मी डोळे न उघडता विचारायचो, "कशावरून? बुलबुल असेल."

"बुलबुल तुमच्यासारखा असतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. उठा."

गेल्या दोन-तीन वर्षांत रीत तीच राहिली, पण एक फरक पडला होता. मी मागच्या दारात तिच्या शेजारी उभा राहायचो आणि मला काहीही ऐकू यायचे नाही. पक्ष्याची चोच उघडलेली दिसायची, तिचा चेहरा दिसायचा, आणि गाणे संपल्याचे मला त्या चेहऱ्यावरून कळायचे. "आलं ऐकू?" ती विचारायची. "थोडंसं," मी म्हणायचो. हा शब्द शून्यापासून पुढे कुठेही लावता येतो. तिला ते कळत असावे, कारण पुढचा प्रश्न ती कधी विचारत नसे.

मी आयुष्यभर मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम केले. रुग्णालयांचे तापमापक, कारखान्यांचे दाबमापक, सोनारांचे तराजू आमच्याकडे तपासायला येत. आमच्याकडच्या प्रमाण उपकरणाशी त्यांची तुलना करायची आणि कोणते किती खोटे बोलते ते लिहून द्यायचे, असे ते काम होते. नव्या उमेदवारांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे. आकडा विचित्र आला तर आधी उपकरणावर संशय घ्या, मग स्वतःवर, आणि जगावर सर्वांत शेवटी.

हिवाळा सुरू होताना बायकोच्या थोरल्या बहिणीचे खुब्याचे हाड मोडले. ताई एकटी राहते. तिचे लोकरीचे दुकान आहे, दुकानाच्या मागेच एक खोली आहे, आणि ते गाव आमच्यापासून एक दिवस आणि एक रात्रीच्या प्रवासावर आहे. बायको निघाली. ती बॅग भरून दारात उभी असताना मी विचारले, "परत कधी येशील?"

"ताई चालायला लागली की."

"म्हणजे साधारण कधी? अंदाज तरी सांग."

"अहो, हाड आहे ते, तुमचा तापमापक नाही." मग तिने मागच्या दारातून दिसणाऱ्या खांबाकडे पाहिले. "असं करा. दयाळ गायला लागला की मला सांगा. येते मी."

"त्याचा ताईच्या हाडाशी काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली. "माझ्याशी आहे."

त्या वाक्यावर मी विचार केला, पण ती गेल्यानंतर.

एकट्याने राहणे कठीण नसते. पदार्थ कमी शिजवावे लागतात आणि घासायला भांडी कमी पडतात. कठीण काही असेल तर ते हे, की दिवसभरात लक्षात आलेल्या बारीकसारीक गोष्टी कोणाला सांगायच्या हा प्रश्न उरतो. नळाचा वायसर गेला, पेपरवाल्याने चुकीचा पेपर टाकला, दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचा जुना, केसांसकटचा फोटो लावला. यातली एकही गोष्ट महत्त्वाची नाही, पण ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पुरी घडल्यासारखी वाटत नाही. मी त्या साठवून ठेवत असे आणि सकाळच्या फोनवर सांगत असे.

आमचा फोन अजून तारेचा आहे. तार मागच्या बाजूने घरात येते, म्हणून यंत्र मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेले आहे आणि बोलायचे तर खिडकीशी खुर्ची ओढून बसावे लागते. ताई उठायच्या आत, भल्या सकाळी बायको फोन करायची. तिचे निम्मे शब्द मला अंदाजाने भरून घ्यावे लागत. एकदा ती म्हणाली, "ताई आज भिंतीला धरून उभी राहिली," त्यातली भिंत तेवढी मला ऐकू आली आणि मी उत्तर दिले, "मग रंगाऱ्याला बोलव." ती इतकी हसली की तिकडे ताई जागी झाली. मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी कानाच्या दवाखान्यात गेलो.

कारण रंगारी नव्हता. वसंत जवळ येत होता. या वर्षी पहिली शीळ ऐकायला ती इथे नसणार होती, आणि शीळ मला ऐकू आली तरच ती परतणार होती. म्हणजे ते काम माझ्या कानांवर येऊन पडले होते, आणि ते कान त्या कामाला नालायक होते.

दवाखान्यातली श्रवणतज्ज्ञ तरुण होती आणि सगळ्यांना काका किंवा काकू म्हणायची. तिने मला काचेच्या खोलीत बसवले, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितले. नंतर तिने आलेख दाखवला. खर्जाकडून रेघ बऱ्यापैकी सपाट निघाली होती आणि पुढे, उंच स्वरांकडे, कड्यावरून घसरावी तशी खाली गेली होती.

"काका, माणसांचं बोलणं इथवर," ती पेन्सिलीने दाखवत म्हणाली. "पाखरं इथून पुढे. तुमची पाखरं उडाली."

"परत आणता येतील?"

"यंत्राने बरीचशी येतील."

यंत्र कानामागे बसले आणि जग एकदम खरखरीत झाले. वर्तमानपत्राचे पान उलटताना कोणीतरी पत्रा कापतो आहे असे वाटे. स्वतःच्या चपला इतका आवाज करतात हे मला ठाऊक नव्हते. एकच त्रास होता. उशीला कान टेकला किंवा फोन कानाशी नेला की यंत्र स्वतःच बारीक, तीव्र शीळ घालू लागे. यंत्राचा मोठा केलेला आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरतो आणि पुन्हा मोठा होतो, तेव्हा असे होते. मी दवाखान्यात परत गेलो आणि म्हणालो, "बाकी सगळं उत्तम आहे. ही शीळ तेवढी बंद करा."

"थोडी कमी करू की पूर्ण घालवू?"

"पूर्ण."

तिने यंत्र संगणकाला जोडले, पडद्यावर काहीतरी टोकापर्यंत सरकवले आणि ते मला परत दिले. शीळ गेली. मी ती पुन्हा ऐकली नाही.

बायकोला मी हे सगळे सविस्तर सांगितले. "चाचणीत शंभरातले चौऱ्याण्णव शब्द बरोबर आले. आता टाचणी पडली तरी ऐकू येते."

"पाडून बघितली?"

"हो. दोन पाडल्या. पहिलीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"मला खात्रीच होती," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मग आता यंदा दयाळ तुम्हीच सांगणार मला."

"मीच सांगणार."

थंडी उतरू लागली. दयाळ कुंपणावरून खांबावर जाऊन बसू लागला. मी पहाटे उठून मागचे दार उघडे टाकून बसत असे. पेपरवाल्याची सायकल ऐकू येई, दवाखान्याचे शटर ऐकू येई, कोणाच्या तरी घरात लहान मूल शाळेला जायचे नाही म्हणून मांडत असलेला युक्तिवाद ऐकू येई. दयाळ ऐकू येत नसे. तो दिसे. छाती फुगवून बसे, चोच उघडे, मिटे. मधूनच पडद्यामागे पातळ कागद थरथरावा तसा काहीतरी आवाज मला येई. मी पडद्यामागे दोनदा पाहिले. तिथे कागद नव्हता.

याला माझ्याकडे स्पष्टीकरण होते. हंगामाच्या आधी नर पक्षी अगदी दबक्या आवाजात सराव करतात, काही अंतरावरून तो ऐकूही येत नाही, असे मी वाचलेले होते. हा सराव आहे असे मी ठरवले. सराव सुरू आहे म्हणजे गाणे आता दूर नाही.

"गातोय का हो?" ती विचारायची.

"नाही अजून."

"खांबावर असतो ना पण?"

"असतो. आत्ताही आहे. मी त्याच्याकडे बघतच बोलतोय. चोच हलवतो आहे नुसती. गात नाही."

"बरं," ती म्हणाली. "आणि तुमचं कसं चाललंय?"

"व्यवस्थित. घर शांत आहे. तू काळजी करू नकोस."

मी दिलेली प्रत्येक माहिती खरी होती. तिला तिकडे माझी चिंता नको, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढच्या फोनवर तिने पुन्हा विचारले आणि मी पुन्हा तेच सांगितले. त्याच्या पुढच्या फोनवर तिने विचारले, पण उत्तराची वाट न पाहता ताईच्या व्यायामाबद्दल बोलू लागली. मग तिने विचारणे सोडले. मीच आपणहून सांगत असे, "अजून नाही," आणि ती "हं" म्हणत असे. माझे चौऱ्याण्णव टक्के आता चांगले काम करत असल्याने तो 'हं' मला पूर्ण ऐकू येत होता. तो पूर्वीच्या 'हं'सारखा नव्हता. मी तो तिच्या थकव्याच्या खाती टाकला.

मग एका सकाळी ती म्हणाली, "ताईच्या दुकानाचं मी बघायचं ठरवलंय."

"म्हणजे?"

"ती चालते आता. पण शिडीवर चढणं तिला जन्मात जमणार नाही, डॉक्टर म्हणाले. आणि लोकर सगळी वरच्या फळ्यांवर. म्हटलं, मी आहे."

"किती दिवस?"

"पुढच्या थंडीचा माल यायचाय. तो विकून होईपर्यंत. शब्द दिलाय मी तिला."

म्हणजे पुढचा वसंत. मी खिडकीतून बाहेर पाहिले. पक्षी खांबावर होता. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण ठरले होते ते असे, की दयाळ गायला लागला की ती येईल, आणि तो गायला लागलेला नव्हता. अट पुरी झालेली नसताना आक्षेप कशाच्या आधारावर घ्यायचा, हे मला सुचले नाही.

"दयाळ अजून गायला लागला नाही हे खरं आहे," मी म्हणालो, "पण तरी..."

"हो ना," ती म्हणाली. "मग कसली घाई?"

त्यानंतर मी काही दिवस दार उघडे ठेवून बसलो नाही. फोन आला की बोललो. साठवलेल्या गोष्टी सांगण्यासारख्या उरल्या नव्हत्या, म्हणजे घडत होत्या, पण मी त्या साठवत नव्हतो. तिच्या बाजूने लोकरीचे भाव कळत, आणि ताई गिऱ्हाइकांशी कशी भांडते ते कळे. ती परत यायला उत्सुक नाही, असा निष्कर्ष मी काढला. पुरावा एकाच प्रकारचा होता, पण भरपूर होता.

दातांचे डॉक्टर भिंतीवरून डोकावले ते अशाच एका सकाळी. मी अंगणात कपडे वाळत घालत होतो.

"काका, काकू कधी येताहेत?"

"वर्षभर तरी नाही."

"अरेरे. म्हणजे हा गवई वर्षभर एकट्या आम्हालाच ऐकायचा."

"कोण गवई?"

त्यांनी हनुवटीने खांबाकडे दाखवले. "पहाटेपासून डोकं उठवतो. परवा एका बाईंना भूल देत होतो, त्या म्हणाल्या, डॉक्टर, भूल नको, हेच ऐकू द्या. मी म्हटलं, बाई, याने दाढ निघत नाही."

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी दोरीवर टाकला, चिमटा लावला. "तो आत्ता गातो आहे?"

"आत्ता?" डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिले. "काका, त्याच्यामुळे तर मी एवढ्या मोठ्याने बोलतोय."

मी यंत्र काढले, पुसले, परत घातले. टॉवेल झटकला, ओल्या कापडाचा फटका स्वच्छ ऐकू आला. "डॉक्टर, एक काम कराल? तो गायला लागला की बोट वर करा. थांबला की खाली. माझ्याकडे बघू नका, खांबाकडेही बघू नका. डोळे मिटून करा."

"आत खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसलाय."

"फार वेळ लागणार नाही."

डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी भिंतीवर एक कोपर टेकले, डोळे मिटले आणि बोट वर केले. मी खांबाकडे पाहत होतो. चोच उघडी होती. चोच मिटली, बोट खाली आले. चोच उघडली, बोट वर गेले. काही वेळ तो पक्षी आणि तो दंतवैद्य एकाच तालात हलत राहिले, आणि दोघांच्या मधल्या हवेत मला काहीही ऐकू येत नव्हते.

"असं कधीपासून चाललंय?" मी विचारले.

"गाणं? महिना तरी झाला की," डॉक्टर डोळे उघडून म्हणाले. "तुम्हाला नाही येत ऐकू?" आणि उत्तर माझ्या चेहऱ्यावर दिसल्यामुळे असेल, ते जरा हळू आवाजात पुढे म्हणाले, "बसा थोडं. चहा पाठवू?"

मी बसलो नाही. कानाच्या दवाखान्यात गेलो.

श्रवणतज्ज्ञ मुलीने ऐकून घेतले, यंत्र संगणकाला जोडले आणि पडद्याकडे पाहताच तिने ओठ आत ओढले. "काका, हे मी सेट केलेलं आहे. तुम्ही सांगितलं तसंच." मग तिने समजावले. यंत्राची स्वतःची शीळ म्हणजे एकच शुद्ध, ताणलेला स्वर असतो. माणसाच्या बोलण्यात तसा स्वर नसतो, त्यात दहा गोष्टी मिसळलेल्या असतात. म्हणून असा शुद्ध स्वर आला की यंत्र तो आपलाच आहे असे धरते, त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करते आणि दोन्ही एकमेकींवर घालून तो पुसून टाकते. "शीळ जितकी स्वच्छ, तितकी पुसली जाते. बासरीवाल्यांना हा त्रास होतो. दयाळाचं तर मला... मला सुचायला हवं होतं."

"पुसताना कागद थरथरल्यासारखा आवाज येतो?"

"येतो कधीकधी. अर्धवट पुसलं गेलं की."

उपकरणावर संशय घ्या हे वाक्य मी किती उमेदवारांना ऐकवले असेल, ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. उपकरण माझ्या कानामागे होते आणि मी संशय पक्ष्यावर घेतला होता.

तिने यंत्रात दुसरी व्यवस्था भरून दिली. कानामागचे बारीक बटण दाबले की शीळ पुसणे बंद. "याच्यात पाखरं येतील. पण मग फोन कानाला लावलात की यंत्र ओरडणार. फोनवर बोलताना पहिलं लावायचं, पक्षी ऐकताना दुसरं."

"दोन्ही एका वेळी?"

"नाही हो काका," ती म्हणाली. "एका वेळी नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागच्या दारात उभा राहिलो आणि बटण दाबले.

प्रथम एक लांब स्वर आला, किंचित वर चढत जाणारा. मग थांबा. मग तीन-चार छोटे, घसरते, जणू पहिल्या स्वराला उत्तरही त्यानेच देऊन टाकले. पुन्हा तो लांब स्वर, या वेळी शेवटाला वेगळे वळण. मला आठवत होता त्यापेक्षा आवाज पातळ होता आणि त्याला कडेने धातूची किनार होती, ती यंत्राची. पण चालीत चूक नव्हती. दोन-तीन वर्षांत न ऐकलेले ते गाणे इतके नेमके तेच होते की मी काही मोजण्याच्या, तपासण्याच्या आधीच वळलो आणि तिला उठवायला आतल्या खोलीत गेलो.

पलंगाच्या तिच्या बाजूला मी घडी न केलेले कपडे ठेवत असे. ते तिथे होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. बाहेर तो गातच होता, आणि आता तो आत, भिंतींमधूनही ऐकू येत होता. तेव्हा माझ्या लक्षात आले, की एवढा आवाज भिंतींना थांबवता येत नसेल तर उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या फोनलाही तो थांबवता आला नसणार.

तारेतून फार उंच स्वर जात नाहीत. पण दयाळाच्या गाण्यातले खालचे स्वर आरामात जातात. ती दर वेळी विचारत होती, "गातोय का हो?" आणि त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या तोंडाच्या आधी खांबावरून तिला मिळत होते. वर मी तिला टाचण्यांचा प्रयोग सांगून ठेवला होता.

मी खिडकीशी खुर्ची ओढली. पहिली व्यवस्था लावली. गाणे मधेच कापल्यासारखे गेले. फोन लावला.

"आज तुम्ही?" ती म्हणाली. "बरे आहात ना?"

"तो गातो आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"हे तुम्ही मला विचारताय?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही नाही अजून, नाही अजून म्हणत होतात आणि तो मागून जीव तोडून गात होता. एकदा तर इतका जोरात, की ताईनं पलंगावरून विचारलं, कुठला पक्षी गं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? टाचणी ऐकू येते म्हणालात. घर शांत आहे म्हणालात, व्यवस्थित चाललंय म्हणालात. म्हटलं, एवढ्या वर्षांनी माणसाला जरा शांतता मिळाली असेल. खोटं बोलायचा तुमचा स्वभाव नाही, आणि तरी बोलताय, म्हणजे तेवढीच गरज असणार."

मी तिला यंत्राचे सांगितले. शुद्ध स्वर, उलटी लाट, दोन व्यवस्था, डॉक्टरांचे बोट. संपल्यावर तिने विचारले, "म्हणजे शीळ स्वच्छ असेल तर पुसली जाते?"

"हो."

"आणि माझा आवाज?"

"तुझा आवाज स्वच्छ नाही. म्हणजे त्यात अनेक कंपनं मिसळलेली असतात."

"कळलं," ती म्हणाली, आणि हसली. तिकडे दुकानाच्या मागच्या खोलीत, हलक्या आवाजात, बहीण उठू नये म्हणून.

मला जे म्हणायचे होते त्याची वाक्यरचना मी करून ठेवलेली नव्हती. "दयाळाचं बाजूला ठेव," मी म्हणालो. "तो गातो की नाही यावर ते अवलंबून नाही. तू इथे असावीस असं मला वाटतं. तू गेलीस त्या दिवसापासून वाटतं आहे. घर शांत आहे हे मी तक्रार म्हणून सांगायला हवं होतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"अट वेगळी ठरली होती."

"अहो," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "शब्द देऊन बसले मी. माल सांगून झालाय. ताईला का शिडीवर चढवू आता?"

"नको."

"तुम्हाला इकडे बोलावलं असतं. पण एक खोली, त्यात ताई, तिचा पलंग, तिचा वॉकर. मी काउंटरखाली निजते. तुम्हाला कुठे ठेवू, लोकरीच्या खोक्यात?"

"दोन-चार दिवस चालेल."

"या मग. दोन-चार दिवस या." आणि मग, हे पुरेसे नाही हे आम्हां दोघांनाही कळल्यावर, ती म्हणाली, "आहे का तो अजून?"

मी पाहिले. "आहे. चोच हलते आहे."

"जरा बाहेर धरा ना फोन."

मी रिसीव्हर खिडकीच्या गजांतून बाहेर काढला आणि हात लांब केला. वळ्या वळ्यांची तार ताणली गेली. रिसीव्हर आता कानापासून हातभर दूर होता, म्हणजे यंत्र ओरडण्याचे कारण नव्हते. मी दुसऱ्या हाताने कानामागचे बटण दाबले.

तो गात होता. लांब स्वर, थांबा, घसरते छोटे स्वर. ती तिकडे ऐकत असणार; मला तिचे काही कळत नव्हते आणि तिला माझे. बोलायचे तर गाणे सोडावे लागले असते. माझा खांदा दुखू लागला, मी कोपर गजाला टेकवले, पण हात मागे घेतला नाही. भिंतीपलीकडे दवाखान्याचे शटर वर गेले. दयाळाने मान वळवली, एक स्वर अर्धाच सोडला आणि तो अंगणावरून पलीकडे निघून गेला.

मी बटण दाबून रिसीव्हर कानाशी आणला.

"उडाला," मी म्हणालो.

"हं." या वेळचा 'हं' जुना होता. "पहिला लांबचा स्वर मला नीट आला. मागचे बारीक नाही आले. कसे होते?"

"खाली येणारे. तीन किंवा चार. शेवटचा नक्की सांगता येत नाही."

"उद्या मोजून ठेवा." तिकडे ताईचा खोकला ऐकू आला, मग काहीतरी सरकवल्याचा आवाज. "दुकान उघडायला हवं. ठेवू?"

"थांब थोडी," मी म्हणालो.

ती थांबली. तारेत नेहमीची बारीक घरघर होती, आणि तिच्यामागे तिचा श्वास, जो शुद्ध स्वर नसल्यामुळे मला येत होता. खांब रिकामा होता. ताईने दोनदा हाक मारली, तरी ती फोनवर होती.